एका टक्क्याचा हिशेब

घर विकावयाचे ठरले, ही गोष्ट चार भिंतींबाहेर पडण्यापूर्वीच मालकाच्या मनात एक हिशेब मांडला जातो, आणि त्यातील खर्चाच्या बाजूची पहिली रक्कम बहुधा दलालीची असते. कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी या पुण्याच्या भागांत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, बँकेतल्या किंवा सरकारी नोकरीच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेली एखादी सदनिका आज ऐंशी लाख रुपयांस जाते, असे उदाहरणापुरते धरून चालू. शेकडा एक हा पुण्या-मुंबईत सर्रास चालणारा दर लावला, तर विकणाऱ्याने द्यावयाची दलाली ८०,००० रुपये होते. दलाल वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतला असेल तर अठरा टक्के कर धरून ती ९४,४०० वर जाते. आणि शेकडा दोन मागणारा भेटला तर १,८८,८०० वर. जन्मभर रुपयारुपयाचा जमाखर्च ठेवलेल्या माणसास ही रक्कम खुपली नाही तरच नवल. दोन अनोळखी इसमांना एका दिवाणखान्यात आणून बसविण्याचा हा मोबदला, असे त्याला वाटते, आणि ‘आपले घर आपणच विकू’ हा निश्चय तिथे जन्म घेतो.

या निश्चयात गैर काहीच नाही. महाराष्ट्रात राहते घर दलालाविना विकण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि अशी विक्री यशस्वीपणे पार पाडणारी माणसे प्रत्येक वसाहतीत भेटतात. परंतु वाचलेली दलाली म्हणजे निव्वळ नफा, हे जे समीकरण या निश्चयामागे गृहीत धरलेले असते, ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. दलाल करतो ती कामे दलाल टाळल्याने संपत नाहीत. ती कोणीतरी करावी लागतात, आणि जो ती करतो त्याच्या खर्चाला पावती नसते एवढेच. म्हणून हा हिशेब तीन सदरांत मांडला पाहिजे: दलाल असो वा नसो, चुकत नाहीत ते खर्च, दलालाच्या जागी अंगावर येतात ते खर्च, आणि कोणीच कुठे लिहून ठेवीत नाही ते खर्च.

दलाली कशाची?

दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरविलेला नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ साली संमत झाला, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चा अंमल सुरू झाला, आणि नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकून देणाऱ्या मध्यस्थास नोंदणी सक्तीची झाली, नोंदणीविना धंदा करणाऱ्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत, आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात या मध्यस्थांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. पण हे सारे मुख्यत्वेकरून नव्या प्रकल्पांचे शास्त्र. पस्तीस वर्षांच्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका हात बदलते, तेव्हा तो व्यवहार या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतो, आणि तिथे दलाल कोण, त्याने काय करावयाचे आणि किती घ्यावयाचे हे रिवाजावर व ओळखीवर सोपविलेले असते.

या रिवाजात दलाल चार कामे करतो. त्या गल्लीत गेल्या सहा महिन्यांत कोणती घरे कोणत्या भावास गेली हे त्याला ठाऊक असते. घर पाहावयास येणाऱ्यांतून खरोखर घेणारे कोण आणि रविवारची करमणूक म्हणून हिंडणारे कोण हे तो चाळून देतो. घासाघीस तो आपल्या अंगावर घेतो. आणि ठरलेला व्यवहार बँक, वकील, संस्था आणि दुय्यम निबंधकाचे कार्यालय या चार दारांतून पुढे ढकलीत राहतो. काय करीत नाही, तेही ध्यानात ठेवणे इष्ट. तो मालकीहक्काची हमी देत नाही, करारातील चुकीची जबाबदारी घेत नाही, आणि प्राप्तिकराचा हिशेब करून देत नाही. दलाल नेमला म्हणून वकील वाचला, अशी समजूत ज्यांनी करून घेतली, त्यांना पुढे वकिलाची फी अधिक पडल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत.

चुकत नाहीत ते खर्च

आता पहिले सदर. दलालाविना विक्री महाग पडली अशी तक्रार करणारा गृहस्थ जे खर्च सांगतो, त्यांतील निम्मे या सदरात मोडतात, आणि त्यांचा दलाल असण्या-नसण्याशी काडीचाही संबंध नसतो.

सहकारी संस्थेच्या उपविधींप्रमाणे भाग व हितसंबंध हस्तांतरित करताना पाचशे रुपये हस्तांतर शुल्क आणि नव्या सभासदाचे शंभर रुपये प्रवेश शुल्क द्यावे लागते. याखेरीज हस्तांतर अधिमूल्य म्हणून संस्था जी रक्कम घेते, तिला शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. ‘इमारत निधी’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी याहून अधिक रक्कम मागण्याचा मोह पुष्कळ संस्थांना होतो. ती देण्याचे बंधन नाही, पण सचिवाशी वैर घेऊन घर विकणे सोयीचे नसल्यामुळे पुष्कळ जण ती मुकाट्याने देतात. अधिमूल्य विकणाऱ्याचे मानले जाते. व्यवहारात ते बहुधा निम्मे निम्मे वाटले जाते. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी संस्थेच्या ना हरकत दाखल्याची आवश्यकता नाही. परंतु घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक तो मागतेच, आणि म्हणून तो काढावा लागतोच.

विक्रीच्या दिवसापर्यंतची सार्वजनिक देणी, म्हणजे महापालिकेचा मिळकत कर आणि त्याच जातीची इतर देणी, विकणाऱ्याने चुकती करावयाची, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सांगतो. घरावर कर्ज शिल्लक असेल तर बँकेकडून फेडीचे पत्र आणि मूळ कागदपत्रांची यादी घ्यावी लागते. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, आणि कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत न केल्यास बँकेने दिवसामागे पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. ज्यास हा आदेश माहीत असतो त्याची फाईल लवकर हलते.

मुद्रांक शुल्क रिवाजाने आणि कायद्यानेही, वेगळा करार नसेल तर, घेणाऱ्याने भरावयाचे. तरीही विकणाऱ्याने ते विसरून चालत नाही. पुण्यात सात टक्के दराने ऐंशी लाखांवर ५,६०,००० रुपये, घेणारी केवळ स्त्री असेल तर एक टक्का सवलतीने ४,८०,०००, आणि नोंदणी फी कमाल मर्यादेची, म्हणजे ३०,००० रुपये. एवढा बोजा घेणारा सौद्याला बसण्यापूर्वीच मनात धरून आलेला असतो, आणि त्यातला जमेल तेवढा भाग तो किमतीतून वसूल करू पाहतो.

शेवटी प्राप्तिकर. किंमत पन्नास लाख वा अधिक असली की घेणारा एक टक्का रक्कम कापून सरकारात भरतो. ही पद्धत १ जून २०१३ पासूनची. आपल्या उदाहरणात हे ८०,००० रुपये होतात, आणि ते बुडत नसून विकणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर लागू झाला. त्यापूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीस महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांचा पर्यायही ठेवलेला आहे. येथे दलालीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विक्रीसाठी केलेला खर्च नफ्यातून वजा होतो, आणि दलाली पावतीनिशी दिली असेल तर तीही त्यात बसते. म्हणजे साडेबारा टक्क्यांनी कर भरणाऱ्याला ९४,४०० रुपयांची दलाली प्रत्यक्षात ८२,६०० ला पडते. उलट, आपल्याच पायपिटीची वजावट कोणताही करअधिकारी मान्य करीत नाही.

किंमत कोण सांगणार?

दुसऱ्या सदरातील पहिला आणि सर्वांत अवघड खर्च म्हणजे किंमत ठरविण्याचा. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सारे जण रेडी रेकनर म्हणतात, तो हाताशी असतो. पण तो मुद्रांकासाठी आहे, बाजारासाठी नव्हे. त्यातील एकाच मूल्यविभागात रस्त्याकडची इमारत आणि मागच्या बोळातली इमारत शेजारी शेजारी नांदत असतात. तक्त्याच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भावाने व्यवहार झाला, तर प्राप्तिकरासाठी विकणाऱ्याची किंमत तक्त्याचीच धरली जाते आणि घेणाऱ्यावरही फरकाचा कर येतो. म्हणून खालची मर्यादा समजण्यास तो उपयोगी, एवढेच.

खरा भाव कळण्याचे साधन दुसरेच आहे. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा सारांश सूची क्रमांक दोनमध्ये येतो, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. आपल्याच इमारतीतील वरच्या मजल्यावरचे घर गेल्या वर्षी कितीला गेले, हे तिथे सरकारी अक्षरांत लिहिलेले असते. दलालाचे जे ज्ञान आपण गूढ समजतो, त्याचा मोठा भाग असा उघड्यावर पडलेला आहे. तो वाचण्याची चिकाटी मात्र विरळा. बहुतेक घरमालक त्याऐवजी मालमत्तांच्या संकेतस्थळांवरील जाहिराती पाहतात, आणि तिथे दिसतात त्या मागितलेल्या किमती, मिळालेल्या नव्हेत. शेजाऱ्याने नव्वद मागितले म्हणून आपण पंच्याऐंशी मागतो, आणि शेजारी अखेर अठ्ठ्याहत्तरला तयार झाला हे आपल्याला ठाऊकच नसते.

जाहिरातीचा खर्च त्यामानाने किरकोळ. वृत्तपत्रातील छोट्या जाहिराती आणि एखाद्या संकेतस्थळाची सशुल्क योजना मिळून तो काही हजारांत आटोपतो. पण ‘दलाल क्षमस्व’ असे ठळक छापूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले फोन येतात ते दलालांचेच. ‘साहेब, माझ्याकडे पार्टी तयार आहे, विकणाऱ्याकडून मी काही घेत नाही,’ असे म्हणणाऱ्यास दार उघडले, की दलाली घेणाऱ्याच्या बाजूने किमतीत शिरते. आणखी एक जात आहे ती घातक. लष्करात असल्याची बतावणी करून, घर न पाहताच विसार पाठवितो म्हणणारा आणि ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असे सांगणारा इसम. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, एवढे एक सूत्र पाठ असले तरी ही आपत्ती टळते.

रविवारची पाहणी

घर दाखविण्याचे काम कसे चालते, ते एकदा जवळून पाहिले म्हणजे दलालाच्या कामाची किंमत कळते. रविवारी अकराच्या सुमारास कोथरूडमधील एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरी तिशीतले जोडपे येते, बरोबर मुलाचे वडील. घरच्या काकूंनी सकाळपासून खिडक्या पुसल्या आहेत, पोहे करून ठेवले आहेत. सूनबाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतात, पाण्याची धार पाहतात, आणि विचारतात, ‘काकू, पाणी किती वाजता येतं?’ मुलगा न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून ओल चाचपतो. वडील दाराशी थांबून दिशा ठरवितात. मग मोबाईलमधले होकायंत्र काढून खात्री करतात, आणि मान किंचित हलवितात. घरचे काका या खोलीत मुलीचा अभ्यास कसा व्हायचा, त्या गॅलरीत पावसाळ्यात बसायला किती छान, हे सांगत सुटतात. घेणाऱ्यांस हे सारे ऐकावयाचे नसते, ते शिष्टाचार म्हणून ऐकतात. निघताना वडील विचारतात, ‘का विकताय?’ आणि काका प्रामाणिकपणे उत्तर देतात की मुलगा बंगळुरास आहे, जिने चढवत नाहीत, दिवाळीपर्यंत तिकडे जायचे आहे. दिवाळीपर्यंत, हा एक शब्द पुढच्या बैठकीत काकांना दोन लाखांस पडतो.

घासाघिशीत मालक दुबळा असतो तो हुशारी कमी म्हणून नव्हे. ‘फरशी जुनी आहे, सगळी काढावी लागेल’ हे वाक्य दलाल कानाआड करतो. ज्याने ती फरशी स्वतः निवडून बसविली, त्याला ते लागते, आणि लागलेला माणूस एक तर ताठ होतो किंवा घाईने सौदा मिटवितो. शिवाय घेणारा सरळ म्हणतो, ‘तुमच्यामध्ये दलाल नाही ना, मग तो एक टक्का आम्हाला सोडा.’ याला उत्तर आहे. घेणाऱ्याचीही दलाली वाचलेलीच असते. दोन्ही बाजूंचे धरून १,८८,८०० वाचतात, आणि आपापले आपल्याकडे ठेवणे हाच न्याय. पण हे उत्तर शांतपणे आणि वेळेवर देता आले पाहिजे. बहुतेकांना ते घरी परतल्यावर सुचते.

रोखीचा प्रश्नही याच बैठकीत निघतो. ‘चेकने किती, रोख किती?’ असे विचारणाऱ्याला नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे.

कागदाची वाट

येथून पुढे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये, हे या लेखातील एकच वाक्य ज्याने लक्षात ठेवले, त्याचे वाचनाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे. दलालाविना विकणारा माणूस बहुधा याच ठिकाणी काटकसर करतो. ओळखीच्या कोणाची जुनी विसारपावती घेऊन, नावे बदलून, पाचशेच्या मुद्रांकावर तो ती लिहून देतो आणि एक लाख रुपये विसार घेतो. (पूर्वी हे काम शंभराच्या मुद्रांकावर होई, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती किमान रक्कम पाचशे झाली.) त्या पावतीत मुदत नसते, बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराचे काय हे नसते, घेणारा मागे हटल्यास पावती केव्हा रद्द समजावी हेही नसते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर कराराची प्रत्यक्ष पूर्ती करून देण्याचा हुकूम हा न्यायालयाच्या इच्छेवरचा भाग उरलेला नाही, तो जवळजवळ नियम झाला आहे. तेव्हा घाईने लिहिलेली ही चिठ्ठी हाती धरून कोणी दावा लावला, तर घर वर्षानुवर्षे अडकून पडते. वकिलाची पंधरा-वीस हजारांची फी ही या संकटावरची विम्याची रक्कम आहे.

घर वारसाने आलेले असेल तर खर्च आणखी वाढतो. वडिलांनी संस्थेत नामनिर्देशन केले होते म्हणून नामनिर्देशित मुलगाच मालक, ही समजूत चुकीची. इतर वारसांचा हक्क कायम राहतो, आणि घेणाऱ्याचा वकील सर्वांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. वारस दाखल्यासाठी आजही १८२७ चा मुंबई विनियम आठ उघडावा लागतो. कंपनी सरकारच्या काळातील एवढी जुनी तरतूद पुण्याच्या न्यायालयात रोज वापरात आहे. सदनिका किंवा भूखंड सरकारने दिलेल्या, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीवर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि तिचे अधिमूल्य ही बाब वेगळीच. पेठांतील वाड्याचा हिस्सा विकणाऱ्यास तर मोडी दस्त वाचून देवनागरीत उतरवून देणाऱ्याची फीही धरावी लागते. हे कोणतेच काम दलाल करीत नाही. पण अनुभवी दलाल ते पहिल्याच भेटीत विचारतो, आणि एकटा विकणारा मात्र विसार घेऊन झाल्यावर त्याविषयी ऐकतो.

मालक परदेशी असला तर हिशेबच बदलतो. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मुलाच्या नावावर घर असेल आणि तो अनिवासी असेल, तर घेणाऱ्याने एक टक्क्याऐवजी भांडवली नफ्याच्या दराने कर कापावयाचा असतो, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर तो व्यवहारात पूर्ण किमतीवर कापला जातो. आपल्या ऐंशी लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे दहा लाख रुपये, अधिभार वेगळा, आणि परतावा मिळेपर्यंत ते सरकारात अडकलेले. वडिलांस दिलेले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करावे लागते. या कामाची सवय नसलेल्याने ते एकट्याने अंगावर घेऊ नये.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जे दिसते, ते या साऱ्या विषयाचे सार आहे. आगाऊ वेळ घेतलेली असते, चलन ऑनलाईन भरलेले असते, दस्ताची माहिती संगणकावर आधीच भरून तिचा क्रमांक घेतलेला असतो. ही माहिती घरबसल्या स्वतः भरता येते. पण कार्यालयाच्या फाटकाशी, झेरॉक्सच्या दुकानात आणि चहाच्या टपरीशेजारी बसलेले इसम ती भरून देण्यास तत्पर असतात, आणि दलाल टाळून आलेला गृहस्थ, गावाचे नाव कोणत्या रकान्यात आणि मिळकत क्रमांक कोणत्या, या गोंधळात अखेर त्यांच्यापैकी एकाच्या हाती कागद सोपवितो. आत गेल्यावर पाने क्रमांक घालून तपासली जातात. विकणारा, घेणारा आणि ओळख पटविणारे दोन साक्षीदार यंत्रावर अंगठा ठेवतात आणि छोट्या कॅमेऱ्याकडे पाहतात. लिपिक ‘पैसे मिळाले का?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकेपर्यंत मान वर करीत नाही. विकणाऱ्याने बँकेचा डिमांड ड्राफ्ट याच क्षणी, अंगठ्यापूर्वी, हाती घेतला पाहिजे. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीस हजर करण्याची मुदत आहे. पैशाच्या बाबतीत चार मिनिटांचीही सवलत देऊ नये. एक मोठा दलाल टाळलेल्या माणसाने त्या दिवसाअखेर संगणकवाला, कर सल्लागार, बँकेचा कर्जप्रतिनिधी आणि संस्थेचा कारकून असे चार छोटे मध्यस्थ पोसलेले असतात.

लिहिला न जाणारा खर्च

आता तिसरे सदर, आणि तेच निर्णायक. ऐंशी लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सुमारे ४६,६६७ रुपये व्याज होते. रिकामे, कुलूपबंद घर दोन महिने विकले न जाता पडून राहिले की ९३,३३३ रुपये गेले. म्हणजे कर धरून होणारी एक टक्क्याची संपूर्ण दलाली जवळजवळ तेवढीच. त्यात संस्थेची मासिक वर्गणी आणि महावितरणचा स्थिर आकार मिळवावा. राहत्या घराला हा हिशेब लागू नाही, कारण ते विकले जाईपर्यंत निवारा देतच असते; पण वारसाने आलेले किंवा मुलाकडे राहावयास गेल्यामुळे बंद पडलेले घर जो हळूहळू, स्वतःच, दलाली वाचवून विकू पाहतो, त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता सर्व एका ओळीत आणू. एक टक्क्याने वाचलेली दलाली ९४,४००. तिच्यातून स्वतःचा वकील, जाहिरात, एखाद्या मूल्यनिर्धारकाचा अभिप्राय, रंगसफेदी आणि धावपळ मिळून ४५,००० वजा करू, ४९,४०० राहतात. घेणाऱ्याच्या समाधानासाठी २५,००० सोडले, तर २४,४०० उरतात. ऐंशी लाखांचे तीन दशांश टक्के होतात २४,०००. म्हणजे किंमत ठरविण्यात एवढीशी चूक झाली, किंवा बंद घराचा सौदा सोळा दिवस लांबला, तर जवळजवळ संपूर्ण बचत संपली. शेकडा दोन मागणाऱ्या दलालाशी तुलना केली तर उरणारी रक्कम अर्थातच मोठी होते, आणि तिथे स्वतः विकण्यास अधिक आधार आहे. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे दलालाशीच दराची घासाघीस करणे, आणि तो फार थोडे लोक करतात.

कोणी विकावे, कोणी विकू नये

याचा अर्थ दलालाविना विकू नये असा नाही. घेणारा आधीच ठरलेला असेल, म्हणजे खालच्या मजल्यावरचा भाडेकरू, वाढीव जागा हवी असलेले शेजारचे कुटुंब, किंवा त्याच संस्थेत येऊ इच्छिणारा नातलग, तर दलालाचे पहिले तीन चतुर्थांश काम झालेलेच असते, आणि उरलेल्यासाठी वकील पुरे होतो. घरात राहत असून घाई नसेल, कागद स्वच्छ असतील, सूची क्रमांक दोन वाचण्याचा उत्साह असेल, आणि फरशीची निंदा ऐकून घेण्याचे धैर्य असेल, तर वाचलेले पैसे खरोखर आपले. उलट, घर बंद असेल, वारस अनेक असतील, मालक परदेशी असेल किंवा दिवाळीसारखी मुदत गळ्याशी असेल, तर एक टक्का देऊन मोकळे व्हावे. मात्र दर, काम आणि दलाली केव्हा देय होणार हे आधी कागदावर लिहून घ्यावे, आणि पावती मागावी.

नव्या घरासाठी बांधकाम व्यावसायिकाने कोणता करारनामा वापरावा, याचा नमुना स्थावर संपदा कायद्याने घालून दिला आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीसाठी असा कोणताही अधिकृत नमुना नाही. विसारपावतीचा एक साधा, मराठी, कर्ज नाकारल्यास काय आणि मुदत संपल्यास काय हे स्पष्ट सांगणारा नमुना नोंदणी विभागाने प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात ठेवला, आणि सूची क्रमांक दोनमधील भाव इमारतनिहाय सहज वाचता येतील असे मांडले, तर पहिल्यांदाच घर विकणाऱ्या माणसाची जी फसगत आणि जो संकोच आज दलालीच्या रूपाने वसूल होतो, त्याचा बराचसा भाग कमी होईल. माहिती सरकारदरबारी जमा आहेच, आणि तिच्यासाठीचे शुल्क नागरिकांनी प्रत्येक दस्तागणिक भरलेलेही आहे. ती त्यांच्या उपयोगास येईल अशा रीतीने परत देणे एवढेच काम राहिले आहे.